हिरव्या पाण्यासाठी लेन्स

पाण्याखाली छायाचित्रे काढणाऱ्या माणसाची एक अडचण जमिनीवरच्या छायाचित्रकाराच्या सहसा ध्यानात येत नाही. त्याला लेन्स बदलता येत नाही. जंगलात जाणारा माणूस खांद्याला पिशवी अडकवून जातो, वाघ दिसला की लांबची लेन्स काढतो आणि फुलपाखरू दिसले की जवळची. समुद्रात तशी सोय नाही. होडीवर बसून कॅमेऱ्यावर जी लेन्स चढवली, तीच घेऊन खाली जायचे. जलरोधक पेटीचे झाकण एकदा बंद झाले की पुढचा पाऊण तास तेच तुमचे डोळे. लहान जीव टिपणारी लेन्स लावून गेलात, तर नेमक्या त्याच दिवशी भलेमोठे कासव समोरून संथपणे पोहत जाते, आणि तुमच्या हाती त्याची एक पापणी तेवढी लागते. मोठे दृश्य टिपणारी लेन्स लावली, तर कासव कुठल्या कुठे, आणि दगडाच्या कपारीत नखाएवढा समुद्रघोडा शेपटी गुंडाळून बसलेला असतो.

म्हणून "कोणती लेन्स घेऊ?" असे कोणी विचारले, की मी त्याला उलट विचारतो, "तू बघणार काय आहेस?" बरेच जण या प्रश्नावर नाराज होतात. त्यांना कंपनीचे नाव आणि मिलिमीटरचा आकडा हवा असतो. आकड्यांकडे मी येणारच आहे. पण माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचे आहे त्यांना सोयीचे जाईल. आपल्या कोकण किनाऱ्यावर ज्याला पाण्याखालची छायाचित्रे काढायची आहेत आणि ज्याच्या खिशाला एकच लेन्स परवडते, त्याने मॅक्रो लेन्स घ्यावी, म्हणजे लहान गोष्टी अगदी जवळून टिपणारी. वाइड अँगल लेन्स त्याने अंदमान-लक्षद्वीपच्या सहलीसाठी राखून ठेवावी. हे मत आज अल्पमतात आहे, याची मला कल्पना आहे.

थोडे शाळेतल्या विज्ञानाकडे वळू. वाटीच्या तळाशी नाणे ठेवायचे, ते कडेआड दिसेनासे होईपर्यंत आपण मागे सरकायचे, आणि मग दुसऱ्याने वाटीत पाणी ओतायचे, की नाणे वर उचलल्यासारखे पुन्हा दिसू लागते. हा प्रयोग आपण सगळ्यांनी केला आहे. वक्रीभवन या शब्दाला घाबरून पुढे आपण तो विसरलो, एवढेच. पाण्यात उतरणाऱ्याच्या डोळ्यांवर सपाट काचेचा चष्मा असतो. पाण्यातून निघालेला प्रकाश त्या काचेपाशी हवेत शिरताना वाकतो आणि समोरची वस्तू आहे त्यापेक्षा चतुर्थांश अंतराने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठी दिसते. त्यामुळे पहिल्यांदा बुडी मारून आलेला माणूस दोन्ही हात पसरून शेवंडीची लांबी दाखवतो, तेव्हा तो थापा मारत नसतो. त्याच्या चष्म्याने त्याला तसेच दाखवलेले असते.

कॅमेऱ्याचेही तसेच होते. पेटीला सपाट काच असेल तर २८ मिलिमीटरची लेन्स पाण्यात जवळजवळ ३७ मिलिमीटरसारखी वागू लागते. वाइड अँगल म्हणून पैसे मोजलेली लेन्स पाण्यात गेल्यावर मध्यम होते, आणि वर चित्राच्या कडांना रंग फुटतात ते वेगळेच. यावर उपाय म्हणून काचेचा किंवा अॅक्रिलिकचा अर्धगोल घुमट लावतात. घुमटामुळे लेन्सला तिचा मूळ रुंदावा परत मिळतो. पण घुमट आणि त्यापुढचे पाणी मिळून स्वतःच एक भिंग होऊन बसतात. वीसेक सेंटिमीटर व्यासाच्या घुमटाआडून पाहिले, तर पाण्यातली दूरातली दूर वस्तूही लेन्सच्या लेखी घुमटापुढे फूटभर अंतरावर असते. म्हणजे घुमटाआडच्या लेन्सला फूटभरावरचे आणि त्याहून जवळचे स्पष्ट दिसलेच पाहिजे. जमिनीवर डोंगरदऱ्या सुरेख टिपणाऱ्या कितीतरी महागड्या लेन्सेसना एवढ्या जवळचे नीट दिसत नाही. चाळिशीनंतर आपण पेपर लांब धरतो, तशातलाच प्रकार. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, आणि त्याला तरी कोठून माहीत असणार?

फिश-आय नावाची लेन्स या घुमटाशी सगळ्यांत छान जमवून घेते. तिला जवळचे दिसते, आणि तिच्या चित्रात सरळ रेषा वाकतात हा तिचा जमिनीवरचा दोष समुद्रात लपून जातो, कारण समुद्रात सरळ रेषा असतात कुठे? या नावामागे एक गमतीची हकीकत आहे. रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०६ साली, पाण्यातल्या माशाला वरचे जग कसे दिसत असेल, याचा शोध घेण्यासाठी एका डब्यात पाणी भरून त्याचाच सूचिछिद्र कॅमेरा केला. पाण्याखालून वर पाहिले, तर या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंतचे सगळे आकाश सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत गोळा होते. त्या खिडकीबाहेर पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. शांत पाण्यात तळाशी उताणे पडून हे स्वतः पाहावे. त्याला कॅमेरा लागत नाही.

माणसाचा उघडा डोळा मात्र पाण्यात निकामी होतो. आपल्या डोळ्याची प्रकाश वाकवण्याची बहुतेक कामगिरी पुढचा पारदर्शक पडदा करतो, आणि पाण्यात त्याची ताकद जवळजवळ संपते. तरीही अंदमान समुद्राकाठच्या मोकेन जमातीची मुले चष्म्याशिवाय तळाची शिंपली-कालवे वेचतात. अॅना गिस्लेन या स्वीडिश संशोधिकेने २००३ साली दाखवून दिले, की युरोपीय मुलांपेक्षा या मुलांना पाण्यात दुपटीने बारीक दिसते. ती पाण्यात बुबुळाची बाहुली अगदी लहान करतात, छायाचित्रकार छिद्र बारीक करतो तशी. पुढे युरोपीय मुलांनाही सरावाने हे साधले. आपल्याकडे कोणी दर्यावर्दी घरातल्या पोरांचे डोळे असे तपासावेत, असे मला फार वाटते.

आता रंगाचे. पाणी रंग खाते, आणि सगळ्यांत आधी लाल रंग खाते. पाचेक मीटर खोलीवर लाल जवळजवळ नाहीसा होतो, आणि लालभडक गोष्ट काळपट राखाडी दिसते. तो परत आणायचा तर उजेड आपल्यालाच न्यावा लागतो, म्हणजे फ्लॅश. आणि फ्लॅश आला की दुसरे संकट. पाण्यात तरंगणारा प्रत्येक कण उजळतो. लग्नाच्या अल्बममध्ये मंगलाष्टकांनंतरच्या फोटोत जशा अक्षता हवेत दिसतात, तसे पांढरे ठिपके सगळ्या चित्रभर. नवरा-नवरी त्या अक्षतांत शोभतात, मासा शोभत नाही.

या सगळ्यातून जुन्या लोकांनी एकच नियम काढला. आपल्या आणि विषयाच्या मध्ये पाणी जितके कमी तितके चांगले. हे एकदा पटले, की दुकानातल्या निम्म्या लेन्सेस आपोआप यादीतून जातात. लांबून टिपणारी टेलिफोटो बाद. मधली, सर्वसाधारण लेन्सही जवळजवळ बाद. उरतात दोन टोके. मोठ्या गोष्टीला हातभर अंतरावर गाठायचे तर वाइड अँगल, लहान गोष्टीला चार बोटांवर गाठायचे तर मॅक्रो. जवळ जावे लागणे दोन्हींना चुकत नाही. वाइड अँगल म्हणजे लांबून पुष्कळ मावणारी लेन्स, ही जमिनीवरची समजूत पाण्यात चालत नाही.

हे शहाणपण एका दिवसात आलेले नाही. लुई बूतां या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १८९३ साली भूमध्य समुद्रावरच्या बान्युल्स इथे पाण्याखाली कॅमेरा नेला, तेव्हा त्याच्या इंजिनिअर भावाने त्यासाठी पेटी बनवून दिली होती. वरून येणाऱ्या उजेडात एकेका चित्राला अर्धा अर्धा तास लागायचा. इतका वेळ कोणता मासा ताटकळणार? १९२६ साली लाँगली आणि मार्टिन या दोघांनी फ्लोरिडाच्या समुद्रात पाण्याखालचे पहिले रंगीत छायाचित्र घेतले, ते तराफ्यावर मॅग्नेशियमच्या भुकटीचा स्फोटक उजेड पाडून. पुढे १९६३ साली निकॉनॉस हा पेटीशिवाय पाण्यात नेता येणारा कॅमेरा बाजारात आला, आणि त्याच्यासाठी १५ मिलिमीटरची खास पाण्याचीच लेन्स निघाली. ती हवेत नीट चालतच नसे. तिच्या पुढच्या काचेला पाणी टेकलेले असेल हे गृहीत धरूनच तिची घडण केलेली होती. २००१ साली निकॉनॉसचे उत्पादन थांबले. तेव्हा छत्तीस चित्रांचा रोल संपला की बुडी संपली. आता कार्डावर हजारो चित्रे मावतात आणि संयम मात्र त्या मानाने उरलेला नाही, पण तो विषय निराळा.

आता आपल्या पाण्याकडे येतो, कारण माझे भांडण तिथे आहे.

मालवण-तारकर्लीच्या रस्त्यांवर स्कूबाचे फलक पाहा. निळेशार पाणी, शेकडो रंगीत मासे, मागे सूर्याचे किरण. यातली काही चित्रे आपल्या समुद्रातली नाहीतच, हे तिथे एकदा उतरलेल्या कोणालाही कळते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास चांगल्या दिवशी चार-पाच मीटर दिसते, फार नशीब असेल तर त्याहून थोडे अधिक. बाकी सगळे हिरवे. फलक पाहून आलेले कुटुंब पाण्यात उतरते, हिरवे बघते, आणि वर येऊन म्हणते, "आपल्याकडे काही नाही हो, मालदीवला जायला हवं." आपल्या समुद्राचा असा अपमान परक्या समुद्राच्या चित्राने होतो. मला याचा राग येतो.

हिरवे पाणी म्हणजे घाण पाणी नव्हे. आपल्या नद्या पावसाळ्यात माती आणि पोषक द्रव्ये आणतात, मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत खोल पाणी वर येते, आणि त्यावर सूक्ष्म वनस्पतींची पैदास होते. त्या वनस्पतींवर सूक्ष्म प्राणी, त्यांच्यावर तारली-बांगडे, आणि बांगड्यांवर सुरमई आणि आपण. नितळ निळे पाणी नितळ असते, कारण त्यात फारसे काही नसते. एका म्हाताऱ्या तांडेलाने मला हे सगळे एका वाक्यात सांगितले होते. पाणी गढूळ आहे म्हणून मी कुरकुरत होतो. तो म्हणाला, "गढूळ पाण्यात मासळी गावता. नितळ पाण्यात नुसतो तळ दिसता."

म्हणून म्हणतो, की लेन्स पाण्याला साजेशी निवडावी. पाच मीटर दिसणाऱ्या पाण्यात वाइड अँगलने निळ्या विस्ताराचे चित्र घ्यायला जाणे म्हणजे धुक्यात आंबोलीची दरी टिपायला जाणे. मॅक्रो लेन्सपुढे चार बोटे पाणी असते, आणि चार बोटे पाणी मालवणलाही स्वच्छच असते! सपाट काच वस्तू एक तृतीयांशाने मोठी दाखवते म्हणून वाइड अँगलवाला रडतो. मॅक्रोवाल्याला तेच फुकटचे वाढीव माप. त्याला घुमट लागत नाही. वाइड अँगलला चांगला उजेड पाडायचा तर दोन मोठे फ्लॅश दोन बाजूंना लांब दांड्यांवर लावावे लागतात, मॅक्रोचे काम एका लहान फ्लॅशवर भागते. पेटी आधीच कॅमेऱ्याहून महाग असते. त्यावर घुमट आणि दुसरा फ्लॅश घेताना मध्यमवर्गीय घरात काय संवाद होतात, ते मी इथे लिहीत नाही.

आणि बघायला काय मिळते? किल्ल्याच्या खडकांवर पाय ठेवला की कापते, ते बार्नकलचे खरखरीत कवच आपल्याला माहीत असते. आत कोळंबीचा एक चुलतभाऊ डोक्यावर उभा राहून राहतो, आणि पिसासारखे पाय बाहेर काढून पाण्यातले अन्न ओंजळीने उपसतो. कवच नसलेल्या समुद्री गोगलगाई तिथे आहेत, पैठणीच्या काठालाही लाजवतील अशा रंगांच्या. तर्जनीएवढे गोबी मासे आहेत, ज्यांचे डोळे मॅक्रो लेन्समधून पाहिले की वाटते, हाच आपल्याला तपासतो आहे. आम्ही कोकणातली माणसे. बाजारात मासा कल्ला उचलून ताजा की शिळा ते सांगू. तोच मासा जिवंतपणी काय करतो, हे मात्र आमच्यातल्या शंभरातल्या नव्वदांना ठाऊक नसते. पापलेट हा शब्द ऐकला की आमच्या डोळ्यांसमोर ताट येते.

मॅक्रोमध्येही दोन पंथ आहेत. ६० मिलिमीटरची लेन्स आणि १०० किंवा १०५ मिलिमीटरची लेन्स. वस्तू तिच्या खऱ्या आकाराएवढी टिपायची तर ६० ला चार बोटांपर्यंत जावे लागते, १०५ ला त्याच्या दुप्पट अंतर पुरते. मग १०५ च बरी नाही का? अंदमानात एक जोडी दिसते. वाळूत बीळ करणारी एक कोळंबी आणि तिच्या दाराशी पहारा देणारा गोबी. कोळंबीला नीट दिसत नाही. ती बीळ साफ करायला बाहेर येते, तेव्हा तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लागलेली असते. संकट आले की गोबी शेपटी हलवतो आणि दोघेही आत. या दोघांचा संसार टिपायला १०५ च हवी. ६० घेऊन गेलात तर तुम्ही पोहोचेपर्यंत दार बंद. पण आपल्या किनाऱ्यावर ते जास्तीचे अंतर म्हणजे जास्तीचे गढूळ पाणी, जास्तीच्या अक्षता. शिवाय लांब लेन्सचा स्पष्टतेचा पट्टा साधायला हात फार स्थिर लागतो आणि लाटेत कोणाचा हात स्थिर असतो? इथे मी ६० च्या बाजूचा आहे. खडकाला चिकटून बसणारे जीव पळून जात नाहीत.

माझ्या मताविरुद्ध सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते मला माझ्या भाचीनेच सांगितले. ती रत्नागिरीत शिकते, प्राणिशास्त्र तिचा विषय. शिष्यवृत्तीचे थोडे पैसे साठवून तिने जुना कॅमेरा आणि जुनी पेटी मिळवली आहे. आता एक लेन्स घेण्यापुरती पुंजी आहे. तिने विचारले, मी वरचे सगळे व्याख्यान दिले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मामा, लहान जीव सुंदर दिसतील, पण खडक मेला हे कसं दाखवू?"

हा प्रश्न साधा नाही. लक्षद्वीपची प्रवाळे समुद्र तापल्यामुळे १९९८, २०१० आणि २०१६ साली पांढरी पडली, आणि २०२४ साली पुन्हा. प्रवाळ पांढरे पडते म्हणजे त्याच्या अंगातले अन्न पुरवणारे शैवाल त्याला सोडून जाते. ते वेळेत परतले नाही तर प्रवाळ उपाशी मरते. याचा पुरावा एका गोगलगाईच्या चित्राने मिळत नाही. त्याला तोच खडक, त्याच कोनातून, त्याच अंतरावरून, वर्षामागून वर्षे टिपावा लागतो, आणि त्याला रुंद लेन्सच लागते. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारी आंग्रिया बँक आहे, वीसेक मीटर आणि त्याहून खोल पाण्यात बुडालेले प्रवाळांचे पठार. तिथे पाणी नितळ आहे, आणि तिथे कोणी मॅक्रो लेन्स घेऊन गेला तर मीच त्याला परत पाठवीन.

पण भाचीला मालवणचा किनारा नोंदवायचा आहे. तिथे तो खडक एका चौकटीत मावेल इतके दिसतच नाही. मी तिला म्हटले, हातभर लांबीरुंदीचा चौकोन आख, आणि त्यात कोण कोण राहते त्याची शिरगणती कर. गोगलगाईच्या जाती ओळखायच्या तर पाठीवरचे गाठोडे, डोक्यावरची शिंगे स्पष्ट दिसावी लागतात. रुंद लेन्समध्ये ती रंगीत ठिपका होऊन जाते. तिचे म्हणणे, लोकांना ठिपक्यांची यादी दाखवून समुद्र कळणार आहे का? आमचा वाद इथे थांबला आहे. मी माझ्या जागी ठाम आहे, पण तिचे म्हणणे मला झोपेत आठवते, हेही खरे.

एका मुद्द्यावर मात्र आमचे एकमत आहे. लेन्स कोणतीही असो, ती माणसाला जवळ ओढते, आणि जवळ गेलेला माणूस हात लावतो. मालवणच्या दहा मिनिटांच्या सहलीत पर्यटकाला खाली नेतात, एका हाताने खडक पकडायला सांगतात, पावाचा चुरा सोडतात, अंगावर काळे पट्टे असलेले सार्जंट मेजर नावाचे मासे त्यावर तुटून पडतात, आणि छोट्या रुंद लेन्सच्या कॅमेऱ्यात ते टिपून वर पैसे घेतात. सगळेच असे करतात असे नाही, पण मी हे अनेकदा पाहिले आहे. पाव हे माशाचे अन्न नाही. आणि हाताखाली येणारा तो दगड पुष्कळदा दगड नसतो, जिवंत प्रवाळ असते. खडक उभारणारी प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मालवणचे सागरी अभयारण्य तर १९८७ सालीच जाहीर झाले. वाघाच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढायला कोणी सांगितले तर आपण काय म्हणू?

मॅक्रोवाले काही संत नाहीत. त्यांच्यातली एक जमात हातात धातूची काडी घेऊन फिरते. गोगलगाय उचलून चांगल्या रंगाच्या स्पंजवर ठेवायची, समुद्रघोडा तोंड फिरवून बसला असेल तर काडीने वळवायचा, शिंपल्यातल्या खेकड्याला बाहेर काढायचे, आणि हे चित्र स्पर्धेला पाठवायचे. समुद्रघोडाही पहिल्याच अनुसूचीत आहे. तो पाठमोरा असेल तर पाठमोरा टिपावा. लग्नात आजीसुद्धा कधीकधी पाठमोरी सापडते, आपण तिला काडीने वळवत नाही.

याला लेन्स जबाबदार नसते, शरीर असते. पाण्यात न वर न खाली, एका जागी तरंगत राहणे ही पोहण्याहून वेगळी विद्या आहे. ती श्वासावर चालते. छाती भरली की माणूस वर जातो, रिकामी केली की खाली. ज्याला ती येत नाही तो चित्र काढताना गुडघे टेकतो, आणि गुडघ्याखाली काय आहे हे त्याला दिसत नसते, कारण त्याचा डोळा कॅमेऱ्यात असतो. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, इतरत्रही शिकवणारे चांगले लोक आहेत. लेन्सचे पैसे आधी तिथे खर्च करावेत, असे मी सगळ्यांनाच सांगतो. भाचीला अट घातली आहे, कॅमेऱ्याशिवाय दहा बुड्या. शेवटच्या दोन बुड्यांत वाळूपासून हातभर वर पाच मिनिटे हलायचे नाही. जमले तर लेन्सच्या पैशांत मामाची भर.

ज्यांना एवढा खटाटोप करायचा नाही, मुलांना घेऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचे आहे, त्यांच्यासाठी पूर्वी ऑलिंपसच्या नावाने निघणाऱ्या टफ मालिकेतले टीजी नावाचे छोटे कॅमेरे आहेत. अलीकडचे टीजी पेटीशिवाय पंधरा मीटरपर्यंत चालतात असे कंपनी सांगते, आणि लेन्सपासून एका सेंटिमीटरवरची वस्तूही त्यांना स्पष्ट दिसते. त्यासाठी पाण्यात उतरायचीही गरज नाही. ओहोटीला खडकांतल्या डबक्यात कॅमेरा बुडवा आणि मुलांना चित्र पाहू द्या. डबके विस्कटायचे नाही, उचललेला दगड होता तसा ठेवायचा, एवढे सांगितले की पुरे.

पेटीवाल्यांसाठी दोन गोष्टी सांगून थांबतो. पेटीच्या फटीत जे रबरी कडे असते, त्यावर एक केस अडकला तरी पाणी आत येते, म्हणून ते कडे होडीवर वाऱ्यात उघडू नये, घरी दिव्याखाली स्वच्छ करून बंद करावे. नवी असो की जुनी, पेटी पहिल्या बुडीत कॅमेरा न घालता, आत एक कोरडा टिश्यू कागद ठेवून खाली न्यावी. कागद कोरडा वर आला तरच पुढचे. आणि वर आल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत ती तासभर बुडवून ठेवावी, नाहीतर मिठाचे खडे बटणांत बसतात.

भाचीने लेन्स अजून घेतलेली नाही. तिच्या सहा बुड्या झाल्या, मग पावसाळा लागला आणि बुड्या बंद. पाणी पुन्हा निवळायला दिवाळी उजाडते. उरलेल्या चार तेव्हा.